ब्याण्णव व्होल्ट

शीला पाष्टे कुणाच्याही हॉलमध्ये शिरली की आधी एक टाळी वाजवते. नमस्कार-चमत्कार नंतर. टाळीचा आवाज भिंतींवर आपटून कसा परत येतो ते ऐकलं की कुठे पडदा हवा, कुठे गालिचा हवा, कुठला स्पीकर भिंतीपासून पुढे ओढायचा, हे तिला निम्मं तिथंच कळतं. जानेवारीतल्या त्या रविवारी, सकाळी नऊच्या सुमारास, ठाण्यात खोपटच्या मागच्या गल्लीत चित्र्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तिनं टाळी वाजवली, तेव्हा प्रभाकर चित्रे चष्म्यावरून तिच्याकडे बघतच राहिले.

"तुमच्याबरोबर आणखी कुणी येणार आहे का?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"नाही, म्हणजे... मुख्य माणूस."

"मीच आहे, काका," शीला म्हणाली आणि पाठीवरची बॅग खाली ठेवून तिनं मोजपट्टी काढली.

असं विचारणारे चित्रे काही पहिले नव्हते. शीलाचं वय एकोणपन्नास. माहेर-सासर दोन्ही गुहागरकडचं, राहायला डोंबिवलीत, नवरा कल्याणच्या घाऊक बाजारात दिवाणजी. ती स्वतः एकवीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका अॅम्प्लिफायरच्या कंपनीत होती. आधी सोल्डरिंगला, मग तपासणीला. तयार झालेला प्रत्येक सेट तिच्या कानाखालून गेल्याशिवाय खोक्यात जायचा नाही. कंपनीला टाळं लागलं तेव्हा बरोबरीच्या बायकांनी कुणी पोळीभाजी केंद्र काढलं, कुणी शिवणकाम धरलं. शीलानं एक मोजणीचा माइक घेतला, वीज मोजायचा जुना मीटर होताच, आणि लोकांच्या घरी जाऊन सराउंड साउंड बसवून द्यायला लागली. कुठे जाहिरात नाही की काही नाही. एकाच्या घरी ऐकलं म्हणून दुसरा बोलवायचा.

चित्र्यांकडची सिस्टीम त्यांच्या मुलानं, साकेतनं, बेंगळुरूहून पाठवली होती. पुढे दोन स्पीकर, टीव्हीखाली मधला एक, खुर्चीच्या मागे दोन, आणि खर्जासाठी कोपऱ्यात सबवूफरचं धूड. हेमाताईंना, प्रभाकरांच्या पत्नीला, ती खोकी आल्या दिवसापासून खुपत होती. "माझी तुळशीची कुंडी गॅलरीत गेली आणि तिच्या जागी हा काळा दगड आला," असं त्या चहा देताना म्हणाल्या. प्रभाकरांनी ते ऐकलंच नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

दहापर्यंत सगळं सुरळीत चाललं. शीलानं खुर्चीपासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजून लिहिलं, पुढचे दोन थोडे आत वळवले, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर स्टँडला माइक लावला. मग एकेका स्पीकरमधून तपासणीचा आवाज सोडला. धबधब्यासारखी एकसुरी खरखर असते ती. पाचही बाजूंनी ती खुर्चीपाशी सारख्याच जोराची पोचली पाहिजे, आणि एकाच वेळी पोचली पाहिजे. बॅलन्स म्हणजे एवढंच. एवढंच, पण त्यासाठी कधी अख्खा दिवस जातो.

"मागचे दोन फारच हळू वाटतात," प्रभाकर म्हणाले. "वाढवा जरा."

"काका, मागचा स्पीकर वाजतोय असं वेगळं कळलं ना, तर समजायचं बॅलन्स चुकलाय."

प्रभाकरांना ते पटलं नाही. पस्तीस वर्षं बँकेत अधिकारी होते ते; समोरच्यानं आपलं म्हणणं खोडलेलं त्यांना चालत नसे.

सव्वादहाच्या पुढे आवाज सुरू झाला.

खोलीत काहीच वाजत नसताना कोपऱ्यातल्या सबवूफरमधून घूंऽऽ असा खालच्या पट्टीतला आवाज यायला लागला. भांड्यात भुंगा अडकावा तसा. शीलानं मान वळवली. असा आवाज तिच्या रोजच्या ओळखीचा. शंभरातल्या नव्वद घरी कुठलीतरी वायर सैल असते. तिनं वायर बदलली. आवाज तसाच. सबवूफरचा प्लग दुसऱ्या बोर्डात लावला. तसाच.

"दुकानातला पोरगा म्हणाला होता, असं होतं," प्रभाकर म्हणाले. "प्लगची ती वरची जाड पिन असते ना, ती काढून टाकायची. आवाज बंद. मी पकड आणून देतो."

शीला उकिडवी बसली होती ती तशीच थांबली.

"पिन काढायची नाही, काका."

"अहो, सगळे काढतात."

"माहितीये. मी नाही काढत."

तिचा स्वर एवढा तुटक होता की हेमाताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

त्या एका पिनेपायी शीलानं काय पाहिलं होतं ते चित्र्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. कंपनीत तपासणीच्या टेबलावर एकदा असाच आवाज येत होता. माल त्याच दिवशी रवाना करायचा होता, म्हणून कुणीतरी टेबलावरच्या वायरची अर्थिंगची पिन उपटून टाकली. आवाज थांबला. सकाळच्या चहाच्या वेळी शीलानं ती उपटलेली पिन पाहिली होती. बोलणार होती; पण सुपरवायझर शेजारीच उभा होता आणि चेहरा असा करून, की कुणी काही विचारूच नये. दुपारी तीनला जगननं, तिच्या शेजारच्या टेबलावरच्या कामगारानं, एका सेटच्या पत्र्याला हात लावला. एकतीस वर्षांचा होता. आपण ती पिन पाहिली होती हे शीलानं नंतर चौकशीत सांगितलं नाही, घरी नवऱ्यालाही नाही.

आणि आता अचानक आवाज थांबला. आपोआप.

"बघा! झालं की," प्रभाकर टाळी देतात तसा हात पुढे करत म्हणाले. "उगाच घाबरवता."

शीलानं हात वर करून त्यांना थांबवलं. ती ऐकत होती. मिनिट गेलं, दोन गेली. पाचव्या मिनिटाला पुन्हा घूंऽऽ सुरू झालं, आता आधीपेक्षा भरीव. आणि या वेळी ते थांबेना.

दोष सबवूफरमध्ये असता तर आवाज एकसारखा राहिला असता. हा येत होता, जात होता. म्हणजे या घरात नाही, दुसरीकडे कुठेतरी काहीतरी चालू-बंद होत होतं आणि त्याची वीज इथवर येत होती. तिनं टीव्हीमागे हात घातला आणि गच्चीवरून आलेली केबलची वायर रबरी भागाला धरून, जपून उपसली. वायर सुटता सुटता तिच्या टोकाशी निळी ठिणगी उडाली.

सबवूफर गप्प झाला.

तिनं मीटर काढला. एक टोक केबलच्या वायरला, दुसरं बोर्डातल्या अर्थिंगच्या भोकात. आकडा दोन-तीनच्या वर जायला नको होता. मीटरवर आलं, ब्याण्णव.

"काकू," ती मान न वळवता म्हणाली, "फ्रीजला, नळाला हात लावल्यावर कधी मुंग्या येतात तुम्हाला?"

हेमाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "आठ दिवस येताहेत. सकाळी जास्त. मी यांना सांगितलं, तर म्हणाले साखर वाढली असेल, तपासून घे."

प्रभाकर पुढे वाकून मीटरवरचा आकडा बघत होते.

"कशालाही हात लावू नका. फ्रीज, वॉशिंग मशीन, गीझर, नळ. पायात चप्पल घाला दोघांनी."

"मी मेन स्विच बंद करतो," प्रभाकर उठले.

"उपयोग नाही, काका. तुमची वीज बंद होईल, पण अर्थिंगची वायर सगळ्या बिल्डिंगची एकच आहे. खाली जमिनीत जाते ती. ती कुठेतरी तुटलीये. आणि कुणाच्या तरी घरातलं मशीन तिच्यात करंट सोडतंय. त्याला जमिनीत जायला वाट नाही, म्हणून तो सगळ्यांच्या घरी फिरतोय. सोळाच्या सोळा घरांत." ती उभी राहिली. "आठ दिवसांपूर्वी काही खोदलेलं का खाली?"

"पेव्हर ब्लॉक बसवले की," हेमाताई म्हणाल्या. "मागच्या शनिवारी. दौलतरावांनी उभं राहून करवून घेतले."

दौलतराव सोसायटीचे सेक्रेटरी, तळमजल्यावर राहायचे. प्रभाकरांनी फोन केला तसे बनियनवर शर्ट चढवत जिन्यानं वर आले, आणि ऐकता ऐकताच त्यांचा पारा चढला.

"ओ मॅडम, तुम्ही स्पीकर लावायला आलात ना? मग स्पीकर लावा. बिल्डिंगचं आम्ही बघू. पेव्हर ब्लॉकचं काम एक नंबर झालंय, सगळ्यांनी फोटो टाकलेत ग्रुपवर."

"फोटोत वायर दिसत नाही," शीला म्हणाली. "पाच मिनिटं बिल्डिंगचा मेन बंद करा. मग शोधू."

"मेन बंद? खाली देशपांड्यांचे वडील ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत. त्यांना काही झालं तर तुम्ही जबाबदार?"

ते खरं होतं. देशपांड्यांकडे भरलेला सिलिंडर होता, पण तो कधी तपासलेला, कुणी जोडायचा, काहीच नक्की नव्हतं. अंदाजावर मेन बंद करता येत नव्हता, आणि बसूनही राहता येत नव्हतं. रविवार होता, साडेदहा वाजून गेले होते, थंडीचे दिवस. घराघरांत गीझर चालू. उशिरा उठलेली सगळी बिल्डिंग आत्ता न्हाणीघरात.

"वीज कंपनीला फोन लावा," ती दौलतरावांना म्हणाली. "तोवर मी घरोघर जाते. एकेक गीझर बंद करायचा. ज्याचा बंद केल्यावर आकडा पडेल, तोच. काकू, हा मीटर वाचता येईल तुम्हाला?"

"मला?"

"मधला आकडा नुसता. टोकांना हात लावायचा नाही, लाकडी खुर्चीवर बसायचं, पाय वर. फोन चालू ठेवायचा आणि मला सांगत राहायचं."

हेमाताईंनी पदर खोचला, जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि पाय वर घेऊन बसल्या. "ब्याण्णव," त्या फोनमध्ये म्हणाल्या. हॉलमधूनच, शीला समोर उभी असताना.

प्रभाकर शीलाबरोबर निघाले. "तुम्हाला कोण दार उघडेल? मला ओळखतात," एवढंच म्हणाले. गुडघे दुखतात म्हणून एरवी ते दिवसातून एकदाच जिना उतरत.

तिसऱ्या मजल्यावरची तीन घरं पटापट झाली. एका घरी बाई केसांना तेल लावून बसल्या होत्या, एका घरी चहाची पंगत. प्रभाकर बँकेतल्या आवाजात सांगत, "गीझर बंद करा, नळाला हात लावू नका, का ते मागून सांगतो." लोक चक्रावून बंद करत. शीला फोन कानाला लावून उभी.

"ब्याण्णव," हेमाताई. "एक्याण्णव. ब्याण्णवच."

दुसरा मजला. पहिल्या घरी एक गृहस्थ आंघोळीला निघालेले, टॉवेल खांद्यावर. "नळाचा झटका मला परवा बसलेला," ते म्हणाले आणि लगेच बाजूला झाले. दुसऱ्या घरचा गीझर बंदच. तिसरं घर कुलूपबंद, माणसं गावाला. चौथं.

"ब्याण्णव. शीला, नव्वदच्या खाली येतच नाहीये गं."

हेमाताई फोनमध्ये म्हणाल्या. फोन निसटेल म्हणून शीलानं तो दोन्ही हातांनी धरला. पायऱ्या उतरताना तिच्या मनात हिशेब चालला होता. पहिल्यांदा आवाज थांबला, पाच मिनिटांनी परत सुरू झाला. गीझर तापला की आपोआप बंद होतो, पाणी निवलं की पुन्हा लागतो. पण नंतर मात्र तो थांबलाच नाही. गेली पंचवीस मिनिटं. म्हणजे गरम पाणी सारखं बाहेर पडतंय. म्हणजे नळ उघडा आहे.

पंचवीस मिनिटं कोण आंघोळ करतं?

"काका, चला लवकर," ती म्हणाली आणि दोन-दोन पायऱ्या उतरायला लागली.

पहिल्या मजल्यावर एकशे तीन नंबरचं दार बंद होतं. बेल वाजवली. पुन्हा वाजवली. शेजारच्या घरातून एक म्हातारी डोकावली. "प्राची आहे तिथं, नर्स. रात्रपाळी करून आत्ताच आली. झोपली असेल, कशाला उठवता पोरीला?"

शीलानं दाराला कान लावला. आत पाणी वाजत होतं. तिनं डोळे मिटले. अंगावर पडणाऱ्या पाण्याचा आवाज तुटक असतो. माणूस हलतं, तांब्या बुडतो, पाणी थांबतं, परत पडतं. हे पाणी एकाच जागी, एकाच धारेनं, फरशीवर पडत होतं. मध्ये कुणीच नव्हतं.

"किल्ली आहे का कुणाकडे?"

"माझ्याकडे ठेवते ती एक," म्हातारी घाबरून म्हणाली.

प्रभाकर किल्लीसाठी पुढे झाले. शीलानं त्यांचं मनगट धरलं. "आत कुणी जायचं नाही, काका. तिला हात लावाल आणि तुम्हीही चिकटाल. मी खालून वीज तोडते. मी ओरडले की मगच उघडा."

मीटरची खोली जिन्याखाली होती आणि तिला कुलूप होतं. दौलतराव दारातच फोनवर वीज कंपनीच्या माणसाशी हुज्जत घालत होते.

"किल्ली द्या."

"अहो, असं कुणालाही..."

"दौलतराव, एकशे तीनमध्ये पोरगी पडलीये." शीला त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "मी एकदा गप्प बसलेले. आज नाही बसणार. किल्ली द्या, नाहीतर मी कुलूप फोडते."

दौलतरावांनी फोन कानावरून काढला. त्यांनी खिशात हात घातला, एक किल्ली चुकीची लागली, दुसरी लागली. आत अंधार, धूळ, सोळा मीटर आणि त्यांच्याखाली सोळा पांढरे फ्यूज. खडूनं लिहिलेले नंबर अर्धे पुसलेले. शीलानं मोबाइलचा टॉर्च मारला. एकशे एक. एकशे दोन. पुढचा नंबर दिसेना. चुकून देशपांड्यांचा ओढला तर त्यांचं मशीन बंद पडायचं. तिनं मीटरवरच्या नावावरची धूळ बोटानं पुसून ते वाचलं, घरमालकाचं नाव दौलतरावांना मोठ्यानं विचारून खात्री केली, पायातली रबरी चप्पल नीट सारखी केली, आणि फ्यूज धरून खसकन ओढला.

फोनमध्ये काही क्षण नुसता श्वास ऐकू आला.

"शून्य," हेमाताई म्हणाल्या. मग ओरडल्याच, "शीला, शून्य! एक, शून्य... शून्यच आहे!"

"उघडा!" शीला जिन्यातून वर ओरडली.

प्राची न्हाणीघरात कुशीवर पडली होती. नळाला ओला हात लागल्याबरोबर झटका बसून ती मागे फेकली गेली होती. उजवं मनगट उलटं वळलेलं, तळहातावर भाजल्याचा डाग, डोक्याला खोक. पण श्वास चालू होता. म्हातारीनं तिच्यावर चादर टाकली, शीलानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि नाव घेऊन हाका मारल्या. दहाव्या-बाराव्या हाकेला पोरीनं डोळे उघडले आणि पहिल्यांदा विचारलं ते, "पाणी बंद केलं का कुणी?" बाहेर जिन्यात थांबलेल्या प्रभाकरांना त्या वाक्यानं हसू आलं की रडू, ते त्यांचं त्यांनाही कळेना.

रिक्षानं तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं, डोक्याला पाच टाके पडले. डॉक्टर म्हणाले, मागे फेकली गेली हे नशीब. नळाला चिकटली असती तर गोष्ट वेगळी होती.

संध्याकाळपर्यंत इलेक्ट्रिशियननं नव्या कोऱ्या पेव्हर ब्लॉकच्या चार लाद्या उचलल्या. खाली अर्थिंगची लोखंडी पट्टी कुदळीनं तुटलेली सापडली, दोन टोकांत वीतभर अंतर. प्राचीच्या गीझरची पाणी तापवणारी कांडी आतून फुटली होती; ती महिनाभर करंट सोडत असणार. पट्टी शाबूत होती तोवर तो गुपचूप जमिनीत जात होता. मुंग्या येतात म्हणून प्राचीनं घरमालकाला दोनदा मेसेज केला होता. तो म्हणाला होता, पुढच्या महिन्यात बघू.

शीला त्या दिवशी काम अर्धवट टाकून घरी गेली. डोंबिवलीला पोचल्यावर नवऱ्यानं विचारलं, एवढा उशीर का, तेव्हा ती सांगायला बसली आणि सांगता सांगता अठरा वर्षांपूर्वीच्या त्या दुपारपर्यंत मागे गेली. तो ऐकत राहिला. मध्ये एकदा उठून त्यानं गॅस बारीक केला, एवढंच.

पुढच्या रविवारी ती परत खोपटला आली. बिल्डिंगला नवं अर्थिंग झालं होतं, मीटरच्या खोलीत प्रत्येक घराला करंट गळला की आपोआप वीज तोडणारं बटण बसलं होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिला बोलावून पाच मिनिटं बोलायला लावलं. दौलतराव त्या मीटिंगला होते. नंतर ते तिला जिन्यात भेटले तेव्हा भिंतीकडे बघत बाजूनं गेले. पेव्हर ब्लॉकच्या ठेकेदारानं मात्र आपण ती पट्टी पाहिलीच नाही असं लिहून दिलं.

चित्र्यांच्या हॉलमध्ये तिनं माइक पुन्हा उभा केला. खोली तीच, अंतरं तीच, पण मागच्या वेळी लिहिलेले आकडे तिनं विश्वासानं उचलले नाहीत, पहिल्यापासून मोजले. मधला स्पीकर दोन अंश वर उचलला, कारण बोलणं टीव्हीच्या खालून आल्यासारखं वाटत होतं. सबवूफर कोपऱ्यातून काढून गॅलरीच्या दाराजवळ आणला. कोपऱ्यात तो उगाच घुमत होता.

"इथे कुंडी बसेल माझी," हेमाताई रिकाम्या कोपऱ्याकडे बघून म्हणाल्या.

"बसेल की."

प्रभाकर खुर्चीत बसले होते. पाचही स्पीकरमधून खरखर एकामागून एक फिरत गेली. ते डोळे मिटून ऐकत होते. मागचे दोन वाढवा असं ते म्हणाले नाहीत. थोड्या वेळानं ते उठले, हेमाताईंना त्या जागी बसवलं आणि स्वतः सोफ्याच्या कडेला टेकले.

"इथून जरा डावं जास्त येतंय," ते म्हणाले.

"हो, काका," शीला हसली. "तिथं येणारच."

तिनं माइकला जोडलेला लॅपटॉप मांडीवर घेतला आणि सोफ्याचाही हिशेब धरून आकडे पुन्हा लावायला घेतले.